माइंडफुलनेसचा वर्ग, गटोपचार की विपश्यना? ठाणे-नवी मुंबईतल्या उदास विद्यार्थ्यासाठी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांसोबत मी समुपदेशनाचं काम करते. महिनोन्‌महिने उदास असलेल्या मुलामुलींपुढे हल्ली तीन सल्ले एकदम येऊन पडतात. मैत्रीण म्हणते, आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारा, ग्रुप लाव. आई म्हणते, विपश्यनेला जाऊन ये. आणि समुपदेशक गटोपचार सुचवतो. तिन्हीकडे माणसं एकत्र बसतात म्हणून ते सारखेच वाटतात, पण डिप्रेशनच्या बाबतीत त्यांचं काम फार वेगवेगळं आहे.

आधी स्वतःची पातळी बघा. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि 0 ते 27 गुण देते. 5 ते 9 म्हणजे सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून बऱ्यापैकी तीव्र आणि 20 पासून तीव्र. चाचणी म्हणजे निदान नाही, पण तिच्यावरून दिशा कळते. गुण 15 किंवा जास्त असतील, किंवा जगणं नको वाटण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला तुमचं उत्तर शून्य नसेल, तर वर्ग शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना भेटा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. "तुला ठाण्याला पाठवायला हवं" या टिंगलीपायी अनेक जण तिथल्या ओपीडीची पायरी चढत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. केसपेपर काढून डॉक्टरांशी बोलायचं आणि घरी यायचं, एवढंच असतं ते. डॉक्टरांना भेटलात म्हणून कोणी भरती करून घेत नाही.

आता माइंडफुलनेसच्या वर्गाकडे येते. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो कार्यक्रम सुरू केला, तो एमबीएसआर, म्हणजे माइंडफुलनेसने ताण कमी करण्याचा कार्यक्रम. त्याचा रोख ताण आणि जुनाट दुखण्यांवर होता. डिप्रेशनसाठी झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी त्यात विचारोपचाराची, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या सीबीटीची भर घालून एमबीसीटी तयार केला. दोन्हींचा साचा एकच आहे: आठ आठवडे, आठवड्याला दोन-अडीच तास आणि रोज घरी सराव. शरीरावरून पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं, श्वासावर बसायचं, सावकाश हालचाली करायच्या. त्यानंतर गटात प्रत्येकाने काय जाणवलं ते सांगायचं. हा सांगण्याचा भाग सगळ्यात मोलाचा. "मी नालायक आहे" हा विचार आला आणि गेला, असं शेजारची मुलगी सांगते तेव्हा तो विचार फक्त आपल्याच डोक्यात शिजत नाही हे उमगतं. विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे तिथे अनुभवातून कळतं.

पण जाहिरातीत "डिप्रेशनवर सिद्ध झालेला कार्यक्रम" असं लिहिलेलं असतं, तेव्हा कोणाच्या डिप्रेशनवर, हे विचारा. एमबीसीटीचा भक्कम पुरावा आहे तो पुन्हा पुन्हा डिप्रेशन येऊन गेलेल्या आणि सध्या बऱ्या असलेल्या प्रौढांचा. 2000 साली आलेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन आलेल्यांत ते परत उलटण्याचं प्रमाण 66 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आलं. दोनदाच आलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 424 जणांच्या अभ्यासात दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण एमबीसीटी घेणाऱ्यांत 44 टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांत 47 टक्के होतं, म्हणजे जवळपास बरोबरी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला बहुतेकदा हे पहिल्यांदाच होत असतं. त्याच्यावर हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

विद्यार्थ्यांवरचा चांगला पुरावा केंब्रिज विद्यापीठाचा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 616 विद्यार्थी होते. नेहमीच्या मदतीसोबत आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस वर्ग केलेल्यांचा परीक्षेच्या दिवसांतला मानसिक त्रास बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. त्यात तीव्र मानसिक आजार असलेल्यांना घेतलं नव्हतं. म्हणून माझं मत असं, की परीक्षेची धास्ती, सौम्य उदासी आणि रात्री डोक्यात फिरणारी "माझं असं का झालं" ही चक्की, यांवर हा वर्ग उपयोगी आहे. सकाळी उठवतच नाही, आंघोळ चार दिवसांनी होते, अशा मुलाला रोज पाऊण तास डोळे मिटून बसायला सांगणं मला योग्य वाटत नाही. तो आधीच दिवसभर स्वतःच्या विचारांसोबत एकटा असतो.

अशा मुलासाठी गटातला सीबीटी किंवा बिहेविअरल ॲक्टिव्हेशन मी आधी सुचवेन. नाव अवघड असलं तरी काम साधं आहे. लेक्चर बुडतं, मग मागे पडल्याची लाज वाटते, लाजेने पुढचं लेक्चर बुडतं, सबमिशन राहतं, केटी लागते आणि मन आणखी खचतं. हे चक्र मूड सुधारण्याची वाट न बघता कृतीपासून तोडायचं. मंगळवारी सकाळी एका प्रॅक्टिकलला जायचं, बुधवारी मित्रासोबत मासुंदा तलावाला फेरी मारायची, आणि पुढच्या आठवड्यात गटासमोर सांगायचं की काय जमलं, काय अडलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत कमी तीव्र डिप्रेशनसाठी हे दोन्ही गटोपचार यादीत वर आहेत. गटातला व्यायाम त्यांच्या खाली आणि त्याच्याही खाली गटातला माइंडफुलनेस. जास्त तीव्र डिप्रेशनच्या यादीत माइंडफुलनेस नाहीच. ती यादी तिथल्या आरोग्यव्यवस्थेचा खर्च धरून केलेली आहे, तरी तो क्रम माझ्या अनुभवाशी जुळतो. तोटा एवढाच की गटोपचारात "काय केलंस?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि मार्गदर्शक कडक असेल तर तो पुन्हा परीक्षेसारखा वाटायला लागतो. माइंडफुलनेसच्या वर्गात हा दबाव कमी असतो.

विपश्यनेबद्दल सांभाळून लिहायला हवं, कारण तिच्याशी इथल्या अनेक घरांची श्रद्धा जोडलेली आहे आणि ती मला मान्य आहे. सत्यनारायण गोएंका यांनी 1969 मध्ये भारतात ही दहा दिवसांची ध्यानशिबिरं सुरू केली. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत आहे. बेलापूरला पारसिक हिलवरही केंद्र आहे, त्यामुळे नवी मुंबईकरांना ते अगदी हाकेच्या अंतरावर वाटतं. शुल्क नाही, दानावर चालतं, आणि विद्यार्थ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण दिवस पहाटे चारला सुरू होतो, रोज सुमारे दहा तास ध्यान आणि जवळपास सगळे दिवस आर्य मौन. फोन नाही, वाचन-लेखन नाही. आचार्यांना प्रश्न विचारता येतात, पण शेजाऱ्याशी बोलता येत नाही. गट आहे, पण गटाचं ऐकणं-सांगणं नाही, आणि उदास मुलाला नेमकी त्याचीच गरज असते. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये असं केंद्रांचंही सांगणं असतं. अर्जात आजार आणि गोळ्या लपवू नका, आणि शिबिरासाठी गोळ्या तर मुळीच बंद करू नका. मन सावरल्यावर सुट्टीत जायचं असेल तर जरूर जा. ऐन उदासीत मी कोणालाही पाठवणार नाही, आई कितीही प्रेमाने म्हणाली तरी.

ॲप आणि यूट्यूबवरची ध्यानं घरच्या सरावाला ठीक. पण तुम्ही तीन दिवस ॲप उघडलं नाही तर "बरा आहेस ना?" असा फोन कोणी करत नाही.

माइंडफुलनेसचा वर्ग ठरवलाच, तर पैसे भरण्याआधी फोनवर थोडं खोदून विचारा. शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण एमबीएसआरचं की एमबीसीटीचं, आणि त्याला मानसिक आजारांची जाण आहे का? योगशिक्षक उत्तम असू शकतो, पण डोळे मिटल्यावर जुना आघात वर आला, श्वास कोंडला, तर काय करायचं हे त्याला माहीत असायला हवं. ध्यानाचे असे त्रास होऊ शकतात, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. डोळे उघडे ठेवायची, उठून बाहेर जायची मुभा आहे का, हे विचारा. प्रवेशापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतात का? तसं न बोलता नुसतं पेमेंट घेणारा वर्ग मी टाळेन. आणि मी आलो नाही तर कोणी चौकशी करतं का? उदास माणूस तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला गळतो, त्यामुळे हा प्रश्न फीपेक्षा महत्त्वाचा.

भाषाही बघा. छातीत काय दाटलंय हे इंग्रजीत सांगताना बरीच मुलं "इट वॉज गुड" म्हणून थांबतात. गटात मराठी-हिंदी चालत असेल तर बरं.

कॉलेजातलाच गट की बाहेरचा? कॉलेजातला बहुधा स्वस्त आणि लेक्चरनंतर लगेच, पण समोर वर्गातलीच मुलं असली तर तोंड उघडत नाही. अशा वेळी नेरूळच्या मुलीने ठाण्यातला आणि ठाण्याच्या मुलाने वाशीतला गट घेतला तर ओळखीचं कोणी भेटण्याची शक्यता कमी होते, आणि ट्रान्सहार्बरच्या लोकलने ते जमतं. फक्त वर्ग रविवारी असेल तर मेगाब्लॉक लक्षात घ्या. खचलेल्या दिवसांत एक गाडी रद्द झाली तरी घरी परतायला तेवढं कारण पुरतं. ठाण्यात शोध सुरू करायचा असेल तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. कोणते गट सध्या चालू आहेत ते तिथे विचारता येईल.

घरचा सराव कुठे करणार, हे आधीच ठरवा. कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये टीव्ही, आजी आणि धाकटा भाऊ यांच्यात पाऊण तास शांतता मिळत नाही, आणि सराव न झाल्याचा अपराधीपणा उदासीत भर घालतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा सराव चालेल का, हे शिकवणाऱ्याला स्पष्ट विचारा. केंब्रिजच्या वर्गातही सुरुवात थोड्याच मिनिटांची होती.

शेवटी वेळेचं. आठ आठवडे सलग मिळायला हवेत. जुलैच्या सुरुवातीला बसलात तर परीक्षेआधी वर्ग पूर्ण होतो. ऑगस्टअखेर सुरू केलात तर गणपती, नवरात्र आणि इंटर्नल्स यांत दोन-तीन सत्रं सहज बुडतात. दुसऱ्या सेमिस्टरला जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा बरा. तोवर थांबावं लागणार असेल, तर मधल्या काळात दर आठवड्याला समुपदेशकाची एक वेळ ठरवून घ्या आणि चाचणीचे गुण दोन आठवड्यांनी पुन्हा काढा. गुण वाढत असतील तर वर्गाची वाट न बघता डॉक्टरांची वेळ घ्या.