हेडस्पेस कम्पॅरेटर: चपट्या प्रायमरचं खरं कारण शोधणारं गेज

रायफलीची काडतुसं स्वतः भरणाऱ्याला चपटा झालेला प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) दिसला, की दाब जास्त झाला असं वाटून पहिला संशय पावडरीवर जातो. वजन थोडं उतरवलं जातं, पुन्हा बार काढला जातो, आणि प्रायमर तितकाच चपटा निघतो. अशा वेळी दोष अनेकदा पुंगळीच्या खांद्यात, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागात असतो. रिसायझिंग डायने, म्हणजे उडालेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने, तो गरजेपेक्षा मागे ढकललेला असतो. डोळ्यांना हे दिसत नाही. कॅलिपरवर चढवायचा हॉर्नाडीचा लॉक-एन-लोड हेडस्पेस कम्पॅरेटर ते आकड्यात दाखवतो. प्रायमर पाहून दाबाचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येकाने हे गेज आधी घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फायरिंग पिनच्या धक्क्याने पुंगळी चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) पुढे सरकते आणि तिचं बूड व चेंबर मागून बंद करणारा बोल्ट यांच्यात फट पडते. प्रायमर पेटताच त्या फटीतून मागे येऊन बोल्टला टेकतो. मग दाब चढतो, पुंगळी ताणली जाते, तिचं बूड मागे येतं आणि बाहेर आलेल्या प्रायमरला पुन्हा खाचेत दाबून बसवतं. प्रायमर कडेने पसरतो, खिळ्याच्या डोक्यासारखा दिसतो, पण दाब मर्यादेतच असू शकतो. फार हलक्या लोडमध्ये (कमी पावडर भरली असता) पुंगळीच्या भिंती चेंबरला धरून ठेवतात, बूड मागे येतच नाही आणि प्रायमर बाहेर डोकावत राहतो. त्यामुळे बाहेर आलेला प्रायमर दिसला म्हणून दाब जास्त झाला असं ठरवणं म्हणजे नेमकं उलटं निदान. खांदा फार मागे गेला असेल, तर पिनचा ठोसाही हलका बसतो आणि बार चुकतो. ते खापरही उगाच प्रायमरवर फुटतं.

हे गेज बॉडीसकट घ्यावं, कारण नुसत्या बुशिंगचा (खांद्यावर टेकणाऱ्या भोकाच्या कड्यांचा) सेटही मिळतो. बुशिंग ५ आहेत: ०.३३०, ०.३५०, ०.३७५, ०.४०० आणि ०.४२० इंच. काडतुसांपैकी .२२३ रेमिंग्टनला पहिलं, .३०-०६ ला ०.३७५ चं, .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूरला ०.४०० चं लागतं. बॉडी कॅलिपरच्या एका जबड्यावर स्क्रूने कसायची, बुशिंग दुसऱ्या जबड्याला टेकवून शून्य करायचं आणि मग पुंगळी मध्ये धरायची. पुंगळी तिरकी धरली तर आकडा बदलतो, म्हणून ती हलकेच फिरवत सर्वांत लहान स्थिर आकडा घ्यावा.

मोजण्याआधी उडालेला प्रायमर काढून टाकावा. पिनच्या खड्ड्याभोवती उचललेली कड मापात शिरते आणि सगळं निदान फसतं. त्याच रायफलीतून उडालेल्या ४-५ पुंगळ्या मोजाव्यात आणि सर्वांत मोठा आकडा धरावा. पहिल्या बारात काही पुंगळ्या चेंबरभर फुगत नाहीत. बोल्ट रायफलीसाठी खांदा त्या आकड्यापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच मागे बसवला की पुरे. सेमी-ऑटोमध्ये ०.००३ ते ०.००४ ठेवतात.

गेजचा खरा उपयोग डाय लावताना होतो. डायला ७/८-१४ चे आटे असतात, म्हणजे पूर्ण एका फेऱ्यात ती ०.०७१ इंच सरकते. ०.००१ इंचासाठी जेमतेम ५ अंश फिरवावं लागतं. 'शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि आणखी पाव फेरा द्या' ही सर्रास दिली जाणारी सूचना त्यामुळे फार ढोबळ आहे. आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते: डाय अर्धवट खाली असताना भिंती आधी दबतात आणि खांदा पुढे सरकतो. माप उडालेल्या पुंगळीपेक्षा मोठं येतं. गेज बिघडलेलं नसतं. डाय अजून थोडी खाली घ्यायची असते.

मर्यादाही समजून घ्या. हे माप फक्त तुलनेचं आहे. रायफलीचं चेंबर सुरक्षित मापात आहे का ते तपासणाऱ्या गो आणि नो-गो गेजचं काम हे करत नाही, आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या सेटशी जुळेलच असं नाही. पुंगळीची एकूण लांबीही वेगळी मोजावीच लागते. .३०८ ची मर्यादा २.०१५ इंच आहे. त्यापुढे मान वाढली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाशी आवळलं जाऊन दाब खरोखर चढतो.

खांदा बरोबर निघाला आणि प्रायमर तरी चपटाच असेल, तर लोड खाली आणून इतर खुणा तपासाव्यात. बोल्ट जड उचलला जाणं, बुडावर इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या दांडीच्या) भोकाचा चकचकीत ठसा, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पुस्तकातल्या कमाल लोडपेक्षा जास्त वेग, या खुणा प्रायमरपेक्षा विश्वासाच्या. पिनच्या खड्ड्याभोवती कडं उठलेलं दिसलं, तर त्याच रायफलीतून कारखान्याचं काडतूस उडवून तुलना करावी. तिथेही तसंच दिसलं, तर बोल्टमधलं पिनचं भोक मोठं असण्याची शक्यता जास्त. प्रायमरच्या कपाची जाडीही सारखी नसते: सीसीआय ४०० चा कप सुमारे ०.०२० इंच, ४५० चा ०.०२५. दोघांच्या चपटेपणाची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि नवा प्रायमर जोर न लावता खाचेत उतरत असेल, किंवा उडाल्यावर त्याच्याभोवती काजळीचं वर्तुळ दिसत असेल, तर खाच सैल झाली आहे. ती पुंगळी पुन्हा भरू नये.