महात्मा फुले जनआरोग्य योजना, नागपूर: पोराच्या ऑपरेशनचा आमचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कागदांच्या भानगडीपायी.

भाऊ तुमसरकडे राहतो. त्याच्या चार वर्षांच्या पोराच्या हृदयाला छिद्र असल्याचं आधी लक्षात आलं ते अंगणवाडीत, आरबीएसकेच्या (मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारी कार्यक्रम) डॉक्टरांच्या. ही टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, शाळेत एकदा. तोवर घरचे म्हणायचे, पोरगं अंगानेच बारीक आहे. पुढे नागपूरला पाठवलं आणि मी मानेवाड्याला राहते म्हणून धावपळ माझ्याकडे आली.

पहिल्या खासगी दवाखान्यात (नाव लिहीत नाही) योजनेचा बोर्ड दारातच, अन् काउंटरवर म्हणतात, "आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की बघू." असं कोणी म्हटलं तर वाद घालत बसू नका, सरळ योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला, फोन लावा. मी उभ्या उभ्याच लावला. लगेच सूर बदलला, पण आता आमचाच जीव लागेना, निघालो.

दुसरीकडची आरोग्यमित्र (दवाखान्यात योजनेचं काम बघायला बसवलेली) मुलगी हुशार निघाली. केशरी राशन कार्ड उलटंपालटं केलं अन् म्हणाली, "ताई, बाळाचं नाव तर चढवलंच नाही न." भावाचं तोंड पडलं. तिने शांतपणे जन्मदाखला मागितला आणि आईवडिलांसोबत बाळाचा फोटो. फोटो समोरच्या झेरॉक्सवाल्याने काढला. पोरगं काही केल्या हातातलं बिस्किट सोडेना, त्यामुळे सरकारी फाइलीत ते बिस्किटासकट आहे.

मंजुरी ऑनलाइन आली. ऑपरेशन, आयसीयू, औषधं, पोराचं जेवण, कशालाच रुपया लागला नाही. 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आधी दीड लाखच होतं. पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आता मिळतं, तेव्हा "आपण कुठे बसतो त्यात" म्हणून घरी बसू नका.

भरतीआधीची इको (हृदयाची सोनोग्राफी) मात्र आमच्या खिशातून गेली. सोबतच्या माणसाचं राहणं-खाणंही ज्याचं त्याने बघायचं. बाजूच्या खाटेवर गडचिरोलीकडचं एक पोरगं होतं, त्याचा बाप व्हरांड्यात चटई टाकायचा. दुसऱ्या दिवसापासून मी डब्यात चार पोळ्या जास्तीच्या टाकायला लागले.

तुमच्या पोराचं नाव राशन कार्डावर नसेल तर दुखणं यायची वाट न पाहता आत्ताच तहसीलला चढवून घ्या. आम्हाला समजूतदार मुलगी भेटली, सगळीकडे भेटेलच असं नाही. आणि सुट्टी होताना परतीचं एसटीचं भाडं मागा. ते पॅकेजमध्येच धरलेलं असतं, सुट्टीनंतरच्या 10 दिवसांच्या औषधांसारखंच. आम्ही विचारलं तेव्हा सही घेऊन दिलं, न विचारता कोणी देईल असं वाटलं नाही.