बरणीतले ऑलिव्ह : काळ्या चकत्या, भरलेले हिरवे आणि कालामाता

डब्यातल्या काळ्याभोर चकत्या खाऊन ऑलिव्हला नावं ठेवू नका. ती फळं झाडावर काळी झालेलीच नसतात. हिरवी तोडायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवायची, त्यात हवा खेळवून काळी करायची आणि रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट हा लोहाचा क्षार घालायचा, अशी ती तयार होतात. घटकांच्या यादीत ते ई-५७९ म्हणूनही सापडेल. अपायकारक नाही, पण ही फळं आंबवलेली नसतात, त्यामुळे चव अगदी सपाट. काळ्या ऑलिव्हमधून लोह मिळतं असं जे सांगतात, तेही बरंचसं या रंग टिकवणाऱ्या क्षाराचंच. पिझ्झावर शोभेपुरत्या ठीक.

लाल गोडसर मिरची भरलेले हिरवे ऑलिव्ह बरेच बरे. ऑलिव्हचा मूळ कडूपणा ओल्युरोपिन या फळातल्याच संयुगामुळे असतो. कॉस्टिक सोड्याने तो घालवून फळं मिठाच्या पाण्यात आंबवली जातात, म्हणून ही आंबटसर लागतात आणि दाताखाली करकरीत राहतात. आतली ‘मिरची’ मात्र बहुतेकदा मिरचीचा लगदा अल्जिनेटने (समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाने) घट्ट करून कापलेली पट्टी असते. खरी अडचण मिठाची. १०० ग्रॅममध्ये साधारण दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे दहा लहान फळांतच अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराचं सोडियम २ ग्रॅमच्या आत हवं. अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून निथळले तर खारटपणा उतरतो. रात्रभर मात्र ठेवू नका, चवही पाण्यात जाते.

तिघांत घ्यावेत ते ग्रीसचे कालामाता. जांभळट, बदामासारखे टोकदार, बऱ्याचदा रेड वाइन व्हिनेगरमध्ये मुरवलेले. बीसकटच घ्या. बी काढलेल्या फळात खारं पाणी आतून शिरतं आणि गर लिबलिबीत होतो. बी काढायला फळावर सुरीचं पातं आडवं ठेवून तळव्याने दाबायचं. साल फाटते, बी बाहेर येते. ४०० ग्रॅम टोमॅटोच्या सॉसला १२-१५ फळं पुरतात, तीही शेवटच्या पाच मिनिटांत घाला. सुरुवातीपासून उकळली तर गर मऊ पडतो, मीठ सगळं सॉसमध्ये उतरतं. सॉसमध्ये वेगळं मीठ घालायचं ते त्यानंतर, चाखून.

आरोग्याचं म्हणाल तर ऑलिव्हमधली चरबी मुख्यतः ओलेइक आम्लाची, म्हणजे असंपृक्त प्रकारची, जोडीला तंतू आणि हायड्रॉक्सिटायरोसॉलसारखी पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं. लोणी किंवा चीजच्या जागी खाल्ले तर फायदा. त्यांच्या वर आणखी म्हणून खाल्ले तर नुसत्या कॅलरी आणि मीठ वाढेल.

विकत घेताना एकूण वजन नाही, निथळलेलं वजन बघा. उघडलेल्या बरणीत बोटं घालू नका, कोरडा चमचा वापरा, आणि फळं पाण्याखाली बुडालेली ठेवा. पाणी कमी पडलं तर कपभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून ओता. पृष्ठभागावरची पातळ पांढरी साय बहुधा यीस्टची असते, ती काढून टाकता येते. केसाळ बुरशी, कुजका वास किंवा फुगलेलं झाकण दिसलं तर चाखूनही बघू नका, अख्खी बरणी टाकून द्या.