गाडीचा जीपीएस ट्रॅकर: मांडणी (सेटिंग) एसएमएसने करावी की संगणकावरून?

ट्रॅकरमध्ये सिम घातले आणि वायरिंग झाले, की त्याला निदान तीन गोष्टी सांगाव्या लागतात: सिमकंपनीचा एपीएन (तिच्या नेटवर्कवरून इंटरनेटला जोडण्यासाठीचे नाव), ट्रॅकर गाडीचे ठिकाण ज्याला कळवतो त्या सर्व्हरचा पत्ता आणि त्या सर्व्हरवरील पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक. त्या मोबाइलवरून एसएमएसने कळवता येतात, किंवा ट्रॅकर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये भरता येतात. नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्या आमच्या तीन पिकअपवर मी या दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. सार्वजनिक सेवा वाहनांसाठीच्या एआयएस-१४० या सरकारी मानकाच्या उपकरणांचा विचार येथे केलेला नाही.

एसएमएसची मोठी सोय अशी, की डॅशबोर्डमागे बसवलेला ट्रॅकर पुन्हा काढावा लागत नाही. एकदा आम्ही सर्व्हर बदलला तेव्हा गाडी वाशीत माल उतरवत होती आणि मी घरी बसून नवा पत्ता पाठवला; दहा मिनिटांत ती नकाशावर दिसू लागली. मात्र तेरा अंकी एमटूएम सिम (माणसांऐवजी यंत्रांसाठी दिले जाणारे सिम) असेल, तर त्यावर सहसा एसएमएसचे निर्बंध असतात आणि कोणत्याही मोबाइलवरून पाठवलेला संदेश पोहोचेलच असे नाही. ते सिम घेतानाच विचारून घ्यावे.

माझा कल ठरला तो पहिल्या पिकअपच्या वेळी. एपीएनचा संदेश पाठवला, मोबाइलवर 'पोहोचला' असे दिसले, पण ट्रॅकरकडून उत्तर आले नाही. मग सिमचे रिचार्ज तपासले, सिम काढून जुन्या हँडसेटमध्ये घालून पाहिले, बॅटरीच्या वायरी पुन्हा आवळल्या. संध्याकाळ त्यातच गेली. कारण दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक नीट वाचल्यावर कळले. त्या ट्रॅकरला युजरनेम आणि पासवर्ड दिलेला नसेल, तर आज्ञेच्या आधी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, आणि माझे मेसेजचे ॲप पाठवताना सुरुवातीच्या मोकळ्या जागा काढून टाकत होते. चूक क्षुल्लक होती, परंतु चुकीच्या आज्ञेला उपकरण काहीच उत्तर देत नसल्यामुळे दोष सिमचा, वायरिंगचा की आपल्या संदेशाचा, हे समजण्यास मार्गच उरत नाही. हा मुकेपणा मला फार जाचला.

संगणकावर हा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक रकाना भरलेला डोळ्यांसमोर असतो. ट्रॅककार (Traccar) या गाड्या नकाशावर दाखवणाऱ्या मुक्त सर्व्हर प्रणालीत जीटी०६ प्रोटोकॉलसाठी (ट्रॅकर माहिती पाठवतो त्या पद्धतीसाठी) ५०२३ आणि टेल्टोनिका कंपनीच्या ट्रॅकरसाठी ५०२७ असे वेगवेगळे पोर्ट आहेत. असा एक आकडा चुकला तरी गाडी नकाशावर येत नाही, पण पडद्यावर ती चूक लगेच सापडते. वेळेचेही तसेच आहे. काही ट्रॅकर चीनच्या वेळेवर लावलेले येतात आणि त्यामुळे सहाला निघालेली गाडी साडेआठला निघाल्याची नोंद होऊ शकते. शिवाय एका गाडीची मांडणी फाइलमध्ये जतन करून दुसऱ्या गाडीत जशीच्या तशी घालता येते; तिसऱ्या पिकअपला मला पाच मिनिटेही लागली नाहीत.

अडचणी याही पद्धतीत आहेत. असे प्रोग्रॅम बहुधा विंडोजवरच चालतात. केबल डेटा नेणारी हवी. घरातली पहिली केबल केवळ चार्जिंगची निघाली आणि लॅपटॉपला ट्रॅकर दिसेचना. ट्रॅकर आधीच आत बसवलेला असेल, तर तो बाहेर काढण्याचे कामही लहान नाही. ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि विंडोजचा लॅपटॉप नाही, त्याने एसएमएसचा मार्ग धरला तर ते चूक ठरू नये.

तरीही दोन किंवा अधिक गाड्या असतील, तर ट्रॅकर आत बसवण्यापूर्वी टेबलावरच संगणकाने मांडणी पूर्ण करावी आणि नंतरच्या किरकोळ बदलांसाठी एसएमएस ठेवावा, असे मला वाटते. स्वस्त ट्रॅकरपैकी अनेकांना यूएसबीचे तोंडच नसते, म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला ते उघडून दाखवायला सांगावे.