गोठा, खोप, मोटरघर: कौल घालावं, सिमेंटचा पत्रा की लोखंडी पन्हळी पत्रा?

आमच्याकडे दापोलीच्या बाजूला मे महिना लागला की वाडीतलं कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. घरामागे दहा बाय बारा फुटांची खोप उभी करायची आहे. आत लाकडं, सोडणं (नारळाची सालं), गवताच्या पेंढ्या, कधी एखादी गाय. भिंती चिऱ्याच्या, नाहीतर नुसतेच खांब. वर काय घालायचं? मी गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि शेजारपाजारच्या अशा बऱ्याच छपरांच्या कामात हात घातला आहे. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतो. पाऊस वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर आणि समुद्र जवळ, हे गृहीत धरूनच वाचा. घाटावर कोरड्या भागात राहणाऱ्यांनी गंजाची भीती थोडी कमी धरावी, उन्हाची जास्त.

आधी कौलाचं बोलतो, कारण मन तिकडेच ओढतं. मंगळूरला बासेल मिशननं 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही चपटी लाल कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. भर एप्रिलात दुपारी कौलाखाली उभं राहा आणि मग पत्र्याखाली उभं राहा. आणखी काही सांगावं लागत नाही. कौल भाजलेली माती आहे, गंजत नाही, शेण-मुताच्या वाफेनं त्याचं काही बिघडत नाही, आणि सांध्यांतून हवा खेळते. जनावरासाठी याहून चांगलं छप्पर नाही.

पण कौल उतार मागतं. दहा फूट रुंदीला पत्रा अडीच फूट उतारावर भागतो. कौलाला तीस अंशांच्या आसपास उतार हवा, म्हणजे त्याच दहा फुटांना पावणेसहा फूट. एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेल्या खोपीची मागची भिंत एवढी उंच कोण चढवणार? म्हणून आढं घालून दोन पाखी काढाव्या लागतात. मग वासे आले, रिपा आल्या, आढ्यावरचे कोने आले. एक कौल अडीच-तीन किलोंचं आणि चौरस मीटरला पंधरा-सोळा कौलं, म्हणजे एवढ्याशा खोपीच्या डोक्यावर सहाशे किलोंच्या वर भार. तो पेलणारं लाकूड आज स्वस्त नाही. शिवाय दरवर्षी पावसाआधी शाकारणी करायला माणूस हवा, आणि माकडं. माकडांचा कळप एकदा छपरावरून धावून गेला की दहा-बारा कौलं फुटलीच समजा. आमच्या वाडीतली निम्मी कौलारू छपरं उतरली ती पावसामुळे नाही, माकडांमुळे. ज्यांच्याकडे जुनी लाकडी सांगड (छपराचा सांगाडा) शाबूत आहे आणि घरात छपरावर चढणारं माणूस आहे, त्यांनी कौल मोडू नये. नव्यानं काम करणाऱ्याला मात्र मी एवढ्या छोट्या बांधकामासाठी ते सुचवत नाही.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल मला फार वेळ लागत नाही: घालू नका. आपल्याकडे ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे एका खनिजाचे बारीक तंतू. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे तो अजून राजरोस विकला जातो. पत्रा जागच्या जागी पडून असतो तेव्हा धोका कमी. कापताना, भोक पाडताना, फोडताना जी धूळ उडते तीच जीवघेणी. ते तंतू फुप्फुसात अडकतात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. बिनॲस्बेस्टॉसचे पत्रेही मिळतात, पण ठिसूळपणा तोच. नारळ पडला की भोक, आणि माणूस चढला तर पाय थेट आत. या पत्र्यावरून खाली पडून जायबंदी झालेली माणसं प्रत्येक गावात सापडतील. जुना पत्रा आधीच डोक्यावर असेल तर घाईनं फोडून काढू नका. पाणी मारून ओला करा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा, आणि अख्खाच्या अख्खा उतरवा. त्याचे तुकडे पागोळीखाली किंवा पायवाटेवर पसरायची आपली सवय फार वाईट आहे. त्यावरूनच पोरं अनवाणी फिरतात.

राहिला लोखंडी पत्रा. त्यातही दोन जाती: पांढरा जस्ताचा, गोल पन्हळींचा, आजोबांच्या काळापासूनचा. आणि रंगीत, चौकोनी खाचांचा, हल्ली सगळीकडे दिसतो तो.

जस्ताच्या पत्र्याची पन्हळ 75 मिलिमीटरची असते. एका पत्र्यावर दुसऱ्याचा चढ दीड पन्हळीचा द्यावा, म्हणजे साधारण साडेचार इंच. या पत्र्याचं आयुष्य जाडीइतकंच त्यावरच्या जस्तावर अवलंबून असतं. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त असतं तसंच 275 ग्रॅमही असतं. नुसतं पाहून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. दुकानदाराला हा आकडा विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खाऱ्या वाऱ्यात 120 चा पत्रा घालणं म्हणजे थोड्याच वर्षांत पुन्हा खर्च. आणि गठ्ठ्यातला पत्रा उलटा करून पाहा. पिठासारखी पांढरी पूड दिसली तर तो ओला होऊन पडून राहिलेला आहे, जस्त आधीच खाल्लं गेलंय, घेऊ नका. घरी आणल्यावर तुम्हीही पत्रे आडवे रचून ताडपत्रीखाली कोंडू नका, तिरके उभे करून ठेवा.

रंगीत पत्र्याच्या खाली बहुधा ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्र थर असतो: 55 टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त, थोडं सिलिकॉन. त्यावर रंग. उघड्या हवेत हा थर साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतो, ऊनही थोडं परतवतो. एका पत्र्यानं मीटरभर रुंदी झाकली जाते, त्यामुळे आपल्या खोपीवर बारा फुटी चार पत्रे पुरतात, आडवा सांधा एकही येत नाही. फक्त दोन गोष्टींनी तो लवकर जातो. एक, ओला सिमेंट-माल. भिंतीला टेकवून वरून माल लिंपला की त्या रेषेत पत्रा सडतो. दुसरी, गोठ्यातली अमोनियाची वाफ. बऱ्याच कंपन्यांच्या हमीपत्रात जनावरांचे गोठे वगळलेले असतात. ती अट वाचल्याशिवाय वीस वर्षांच्या हमीवर भुलू नका. साध्या जस्तालाही ही वाफ बाधतेच, म्हणून गोठ्यात कुठलाही पत्रा घाला, तो उंच ठेवा आणि वळचणीखाली हवेला वाट मोकळी सोडा.

जाडीत सर्वात जास्त फसवणूक होते. 0.50 मिलिमीटर सांगून 0.35 चा पत्रा हातात पडतो, आणि बोटानं फरक कळत नाही. वजनकाट्यावर कळतो. साडेतीन फूट रुंदीचा, बारा फुटी 0.50 चा पत्रा 17 किलोंच्या आसपास भरला पाहिजे. काटा 12 वर थांबला तर तो 0.35 आहे. त्यावर माणूस चढला की खोलगा पडतो आणि पाणी तिथेच साचतं.

आता बांधणीकडे येतो, कारण माझं स्वतःचं छप्पर गेलं ते पत्रा वाईट होता म्हणून नाही. 3 जून 2020, निसर्ग वादळ. दुपारी आमच्या खोपीचं अख्खं छप्पर उचललं गेलं आणि माडांच्या पलीकडे जाऊन पडलं. जाऊन बघतो तर एकही स्क्रू निघालेला नव्हता. पत्रे खालच्या आडव्या लोखंडी पाइपांना घट्ट होते. पाइप मात्र भिंतीत नुसते मालात बसवलेले, ते दातासारखे उपटून आले. हिशेब साधा आहे. चार पत्र्यांचं वजन मिळून सत्तर किलो आणि पसारा दीडशे चौरस फुटांचा, म्हणजे ते शीडच. वारा वरून दाबत नाही, वर ओढतो, आणि उघड्या बाजूनं आत शिरलेला वारा खालून ढकलतो. कौलंही त्या दिवशी उडाली, पण सुटी सुटी. पत्रा उडतो तो एकसंध, आणि ज्याच्या अंगावर येईल त्याला कापतो.

तेव्हापासून मी खांबाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी पट्टी फूटभर खोल गाडून घेतो आणि पाइप तिलाच वेल्ड करतो. वेल्डिंगच्या जागी त्याच दिवशी रेडऑक्साइड, म्हणजे गंजरोधक तांबडा रंग. बारा फुटी पत्र्याखाली चार पाइप, साडेतीन फुटांच्या आत अंतर. वळचणीला पत्रा फूटभर पुढे, जास्त नाही, नाहीतर वाऱ्याला हातात धरायला कड मिळते. कडेच्या पाइपांवर स्क्रू जवळजवळ, मधल्यांवर थोडे लांब चालतात. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून घालायला सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करायची, म्हणजे पश्चिमेचा पत्रा वर येतो आणि चढाचं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. उलटं घातलं तर सांध्यातून फवारा आत येणारच, कितीही सिलिकॉन सीलंट भरा.

स्क्रू गोल पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात नाही. खोलगटातून पाणी वाहतं. आणि स्क्रू पिळताना खाली नीट बघा. रबरी वॉशर पत्र्यावर टेकला, कडेनं किंचित फुगला, की थांबायचं. पोरं मशीनचं बटण सोडत नाहीत, वॉशर चिरडून बाहेर येतो, उन्हानं दोन वर्षांत तडकतो आणि बरोबर तिथून थेंब सुरू होतो. पूर्वी जे-हुक (इंग्रजी J सारखे वाकवलेले बोल्ट) आणि डांबरी वॉशर वापरायचे. लाकडी वाशांवर ते अजूनही ठीक आहेत, पण भोक खिळ्यानं ठोकून पाडू नका, फाटलेल्या कडेपासूनच गंज चढतो. पत्रा कापायला ग्राइंडर नको, ठिणग्यांनी थर जळतो. कातरीनं कापा. संध्याकाळी खाली उतरण्याआधी ड्रिलचा चुरा केरसुणीनं झाडून काढा. एका रात्रीच्या दवात तो चुरा गंजतो आणि नव्या कोऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके कायमचे बसतात.

मग कुणी काय घ्यावं? लाकडं-सोडणं ठेवायची खोप असेल तर साधा जस्ताचा पत्रा, 0.50 चा, जास्त जस्ताचा. रंगावर पैसे घालू नका. गाय-बैल असतील आणि सांगड जुनी चांगली असेल तर कौल. नवी बांधत असाल तर पत्राच, पण वळचण निदान आठ फुटांवर, आणि उन्हाळ्यात वरून माडाची झापं. ती झापं मेअखेर न चुकता काढायची, कारण पावसात भिजलेला पाला पत्रा खाऊन टाकतो. हाच नियम आंब्या-फणसाखालच्या छपरालाही, पालापाचोळा साचू देऊ नका. मोटरघरावर रंगीत पत्रा घाला, तिथे वाफ नाही आणि तो टिकेल. पण विजेची वायर पत्र्याला कुठेही टेकता कामा नये, भिंतीतूनच नळीत घालून आत घ्या, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या पत्र्यात वीज उतरली तर दाराला हात लावणाराच जातो.

काम मेच्या मध्यापर्यंत उरका. पहिला मोठा पाऊस लागला की बॅटरी आणि खडू घेऊन आत जा. जिथे थेंब दिसेल तिथे खालून पाइपावर खूण करा. वर पाऊस चालू असताना चढू नका. उघडीप मिळाली की त्या खुणेवरचा स्क्रू काढून त्याहून एका नंबरानं जाड स्क्रू नव्या वॉशरसकट बसवा.