कमी बजेटमध्ये गिटार ॲम्प: मॉडेलिंग घ्यावा की ट्यूब?

शिकताना घेतलेला पहिला छोटा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आता अपुरा पडू लागला आहे, घरी रोज तासभर वाजवणे होते, आठवड्यातून एकदा बँडबरोबर प्रॅक्टिस असते आणि खिशात पैसे मोजकेच आहेत, अशा गिटारवादकाला दुकानात हमखास दोन रांगा दाखवल्या जातात. एका रांगेत बॉसचा कटाना, फेंडरचा मस्टँग यांसारखे मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे निरनिराळ्या ॲम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारे, असतात; दुसऱ्या रांगेत मार्शलचा डीएसएल ५, ब्लॅकस्टारचा एचटी-५, व्हॉक्सचा एसी१० असे लहान ट्यूब ॲम्प, म्हणजे जुन्या रेडिओंसारख्या काचेच्या ट्यूबवर चालणारे, असतात. या दोन्ही प्रकारांबरोबर मी पुरेसा काळ काढला आहे. वॉट, स्पीकरचा आकार आणि इफेक्टची यादी कोणत्याही जाहिरातीत सापडते, म्हणून त्यात शिरत नाही.

पैशांचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण त्यात फारसा वाद नाही. आपल्याकडच्या दुकानांत चांगल्या मॉडेलिंग ॲम्पच्या तुलनेत लहान ट्यूब ॲम्पला बहुधा दीडपट ते दुप्पट पैसे मोजावे लागतात, आणि शिवाय त्यात इफेक्ट नसतात किंवा असला तर एक रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) असतो. ट्यूब कधी ना कधी बदलाव्या लागतात, हा खर्च वेगळा. आज त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात, आणि मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा काही काळ पुरवठा अडून भाव चढले होते, हेही लक्षात असलेले बरे. अमेरिकेतील भावाला किंवा मामाला येताना ॲम्प घेऊन यायला सांगण्याचा मोह अनेकांना होतो. ट्यूब ॲम्पच्या बाबतीत तो आवरावा. तिकडचा ॲम्प १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येते, पण आपली ५० हर्ट्झ तशीच राहते आणि ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तेथे मॉडेलिंग ॲम्पची बाजू निर्विवाद वरचढ आहे. ट्यूब ॲम्पचा खरा रंग स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूबवर (पॉवर ट्यूबवर) ताण आला की खुलतो, आणि ताण येईपर्यंत आवाज शेजाऱ्यांपर्यंत पोहोचलेला असतो. ‘पाचच तर वॉट आहेत’ हे दुकानदाराचे म्हणणे फसवे आहे. गिटारचा नेहमीचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर सुमारे ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटायचा असेल तर ताकद साधारण दहापटीने कमी करावी लागते. म्हणजे ३० वॉटऐवजी १५ वॉटचा ॲम्प घेतला, तर फरक पडतो तो अवघ्या ३ डेसिबलचा. डीएसएल ५ आणि एचटी-५ या दोन्हींवर अर्ध्या वॉटवर उतरण्याची सोय आहे आणि ती खरोखर कामाची आहे, तरी दुपारी झोपलेल्या बाळाच्या भिंतीपलीकडे ती पुरेशी होईल असे मी म्हणणार नाही. हेडफोन लावून रात्री अकरानंतर वाजवणे हीच ज्याची मुख्य गरज आहे, त्याने पुढचे न वाचता मॉडेलिंग ॲम्प घ्यावा.

ज्याला एकाच कार्यक्रमात अनेक प्रकारचे आवाज लागतात, त्याच्याबाबतही माझे मत जवळजवळ तेच आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा गिटारवादक एका गाण्यात स्वच्छ, लखलखीत आवाज देतो आणि पुढच्याच गाण्यात सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांतला ‘वाह-वाह’ पेडलचा आवाज. त्याला ॲम्पच नको असतो. पायाखालचा मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र असलेले यंत्र) थेट मिक्सरला जोडून तो मोकळा होतो, आणि त्यात त्याचे शहाणपणच आहे.

आता त्या एका गोष्टीकडे येतो, जिने माझ्यापुरता निकाल लावला. ती आवाजाच्या दर्जाची नाही. आजचे मॉडेलिंग उत्तम आहे, आणि डोळे मिटून ऐकवले तर मी दर वेळी बरोबर ओळखीन अशी पैज मी लावणार नाही. माझी तक्रार नॉबविषयी आहे. मॉडेलिंग ॲम्पवर प्रीसेट, म्हणजे आधी साठवून ठेवलेली मांडणी, लावला की नॉबची खूण एक सांगते आणि ॲम्प दुसरेच वाजवतो.

माझ्याकडच्या मॉडेलिंग ॲम्पमध्ये मी दोन प्रीसेट जपून ठेवले होते, एक साथीसाठी आणि एक सोलोसाठी. घरी जमवलेला सोलोचा आवाज प्रॅक्टिसच्या खोलीत ड्रम आणि बेस यांच्यामध्ये बुडत असे, आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) किंचित वाढवायला हवा हे कानाला लगेच कळत असे. मिडचा नॉब त्या वेळी घड्याळातल्या बारावर दिसत असे, कारण साथीचा प्रीसेट जमवताना तो तेथे ठेवलेला होता. सोलोच्या प्रीसेटमध्ये साठवलेला मिड मात्र तीनवर होता. मी नॉब केसभर उजवीकडे सरकवला की ॲम्प साठवलेला आकडा टाकून देऊन नॉबची त्या क्षणाची जागा प्रमाण मानत असे, म्हणजे मिड तीनवरून थेट साडेबारावर येऊन पडत असे. वाढवायला जावे आणि कमी व्हावे, तेही गाण्याच्या ऐन मध्यात. मग अंदाजाने नॉब साडेतीनपर्यंत नेऊन आवाज सावरायचा आणि चॅनेलचे बटण दाबून धरून तो पुन्हा साठवायचा. हे राहून गेले, तर फूटस्विच दाबताच केलेली सुधारणा नाहीशी. तोवर ड्रमर पुढच्या गाण्याची मोजणी सुरू करून बसलेला असतो.

यामागचे कारण साधे आहे. नॉबखाली असलेल्या पोटेन्शिओमीटरला एकच जागा असते, आणि प्रीसेट बदलल्यावर तो आपणहून फिरू शकत नाही. त्यामुळे ॲम्प स्मरणातले आकडे वाजवतो आणि नॉबकडे तो हलेपर्यंत दुर्लक्ष करतो. अखंड फिरणारे एन्कोडर आणि भोवती दिव्यांचे कडे लावून यावर मात करता येते, पण त्याला पैसे पडतात, आणि आपण बोलत आहोत त्या किमतीत ते सहसा दिसत नाही. फोनवरचे ॲप किंवा लॅपटॉपवरचा एडिटर उघडला की खरे आकडे दिसतात, हे मान्य. परंतु दोन गाण्यांच्या मध्ये घामेजल्या बोटांनी फोनचे कुलूप उघडून ब्लूटूथ जुळण्याची वाट पाहणे मला कधीच मानवले नाही. ज्यांना मानवते असे माझ्याहून चांगले वाजवणारे मित्र मला माहीत आहेत, तेव्हा हा स्वभावाचाही प्रश्न असू शकेल.

न्यायाने पाहिले, तर हा दोष डिजिटल तंत्राचा नव्हे, प्रीसेटचा आहे. फेंडरने २०१९ मध्ये आणलेले टोन मास्टर ॲम्प आतून पूर्णपणे डिजिटल आहेत, पण त्यांच्यावर प्रीसेट नाहीत. फेंडरच्याच जुन्या डिलक्स रिव्हर्ब या ट्यूब ॲम्पसारखेच नॉब आहेत आणि ते जे दाखवतात तेच वाजते. दुर्दैवाने त्यांची किंमत या लेखाच्या आवाक्याबाहेरची आहे. स्वस्त मॉडेलिंग ॲम्पही प्रीसेट न वापरता, केवळ नॉबवर चालवता येतो, आणि मी काही दिवस तसे केले. मग मात्र ज्या वैविध्यासाठी तो घेतला तेच वापरत नाही, असा विचार मनात येऊ लागला.

लहान ट्यूब ॲम्पवर एकच मांडणी ठेवावी लागते, आणि हीच त्याची उणीव म्हणून सांगितली जाते. माझा अनुभव असा की, ती उणीव गिटारचा व्हॉल्यूम नॉब भरून काढतो. ॲम्पचा आवाज जेमतेम फाटू लागेल इतका गेन (सुरुवातीच्या टप्प्यातली वाढ) ठेवायचा; गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना सोलो, सातवर साथ, आणि चारच्या आसपास जवळजवळ स्वच्छ आवाज. करंगळीने नॉब खाली आणताना आवाज नुसता लहान होत नाही, तो उजळत जातो आणि तारेवर नख लागल्याची बारीक टोकही ऐकू येते. मॉडेलिंग ॲम्प हेही करतात, काही तर फार चांगले करतात. तरी मधल्या पायऱ्या मला ट्यूबवर अधिक मिळाल्या. हे मोजमाप नाही, माझ्या कानाचे मत आहे, आणि माझ्या गिटारवर सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारे, एकाच वेटोळ्याचे) असल्याने ते मत एकांगीही असेल.

देखभालीविषयी दोन्हीकडे थोडी अतिशयोक्ती चालते. ट्यूब सारख्या जळतात, ही भीती अनाठायी आहे. प्रीॲम्पमधल्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या, १२एएक्स७ ट्यूब वर्षानुवर्षे टिकतात, झिजतात त्या मुख्यतः पॉवर ट्यूब. एखादी ट्यूब किणकिणू लागली, तर ॲम्प चालू ठेवून प्रत्येक ट्यूबवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी. जिची टिचकी स्पीकरमधून घंटेसारखी घुमते ती दोषी. १२एएक्स७ चेच दुसरे नाव ईसीसी८३. ही ट्यूब आणि ईएल८४ एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही बनत, आणि ईएल८४ कित्येक जुन्या रेडिओंत असे. त्यामुळे पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला विचारपूस केल्यास हे सर्किट पाहताक्षणी ओळखणारा एखादा वयस्कर कारागीर अजून भेटू शकतो. काम त्याच्याकडूनच करून घ्यावे; प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. मॉडेलिंग ॲम्पचा डिजिटल बोर्ड वॉरंटीनंतर बिघडला, तर दुरुस्तीपेक्षा बोर्ड बदलण्याचीच भाषा ऐकू येते. अर्थात, आजच्या स्वस्त ट्यूब ॲम्पमध्येही ट्यूबची सॉकेट थेट छापील बोर्डवर झाळलेली असतात, तेव्हा जुन्या हाताने जोडलेल्या ॲम्पइतकी सोपी दुरुस्ती तेथेही गृहीत धरू नये.

दोन्ही परवडत असतील, आवाजाची अडचण फार नसेल आणि हाताशी एक-दोन आवडीची पेडल आधीच असतील, तर मी नम्रपणे ट्यूबकडे बोट दाखवीन. नव्याची किंमत जड वाटत असेल, तर लहान ट्यूब ॲम्प वापरलेला घेण्यातही हरकत नाही. पाहायला जाताना आपली गिटार आणि आपली केबल बरोबर न्यावी, ॲम्प किमान अर्धा तास चालू ठेवावा, गिटार न जोडता व्हॉल्यूम चढवून गुणगुण किती आहे ते ऐकावे आणि प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून खरखर येते का पाहावे. खरखर साध्या कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, तिच्यापायी सौदा मोडू नये. तापल्यावर आवाज बसत गेला किंवा जळका वास आला, तर मात्र मालकाचे आभार मानून परत फिरावे. दुकानात मॉडेलिंग ॲम्प पाहणार असाल, तर विक्रेता ऐकवील त्या तयार आवाजांवर थांबू नये. स्वतः दोन प्रीसेट साठवावेत, एकावरून दुसऱ्यावर जावे आणि मिडचा नॉब किंचित उजवीकडे फिरवून पाहावा.