डेव्हिड यूर यांचं रदरग्लेन-ईस्ट किलब्राइडचं पुस्तक: नक्की वाचा

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळच्या या दोन गावांचा इतिहास १७९३ मध्ये छापून आला, लिहिणारे प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) पाद्री, पण धर्मोपदेश सोडा हो, हा माणूस दगडखाणीत उतरून फॉसिल, म्हणजे जीवाश्म, गोळा करत होता आणि त्यांची चित्रंही पुस्तकात आहेत! मला सगळ्यात आवडला तो रदरग्लेनच्या जत्रेआधीच्या आंबट केकचा भाग. बायका गोल करून बसतात, पीठ हाताहातातून पुढे सरकत अगदी पातळ होत जातं, तेही सूर्य फिरतो त्या दिशेनेच, सगळं कसं डोळ्यासमोर उभं राहतं. भाषा जुनी, छपाईत एस बऱ्याचदा एफसारखा दिसतो, सुरुवातीला अडखळायला होतं. तरी सोडू नका, केकची पानं तर आधी वाचा.